इटलीतला ‘तू’

इटलीत व्हेज कुठे मिळतं, बूट कुठले न्यावेत आणि सहल किती दिवसांची करावी, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी मला फोन करावा. ते सगळं इथे मिळणार नाही. इथे मी माझ्या पोटदुखीबद्दल लिहिणार आहे. खाण्याने होते ती नव्हे, दुसरी.

निघण्यापूर्वी, चँडलर

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की डोकं चालतं ठेवा. आमच्या ओळखीतले बाकीचे काका सुडोकू सोडवतात, नाहीतर परसात टोमॅटो लावून आमच्या इथल्या ॲरिझोनाच्या उन्हात वाळवतात. ह्यांनी इटालियन घेतलं. दर मंगळवारी सकाळी चहा घेऊन स्टडीत जायचे, दार लोटायचे आणि लॅपटॉपवर सिएनाच्या डोनातेल्लाबाईंशी तासभर बोलायचे.

मी काही दाराला कान लावत नाही. पण दाराबाहेरच्या कपाटावर धूळ फार बसते, ती पुसावी लागते. एका मंगळवारी पुसत असताना आतून बाईंचा आवाज आला, “ए तू, दीनो?”

माझ्या हातातलं फडकं थांबलं. इटालियन मला येत नव्हतं, पण ‘ए तू’ मला येतं. आमच्या सांगलीत ‘ए तू’ म्हणजे कैऱ्या पाडणाऱ्या पोराला मारायची हाक. आणि दीनो? ह्यांचं नाव मी तोवर फक्त उखाण्यात घेतलं होतं, त्यामुळे इथेही लगेच घेत नाही. दीनोवरून काय ते ओळखा.

“ती तुम्हाला ‘ए तू’ म्हणते?” जेवताना मी विचारलं.

“अगं, ‘ए तू’ म्हणजे ‘आणि तू?’ मी विचारलं, तू कशी आहेस. मग ती म्हणाली...”

“म्हणजे तू म्हणजे तूच?”

“तू म्हणजे तूच. आहे की नाही गंमत? दोन्ही भाषांत एकच शब्द!”

ह्यांना गंमत वाटली. मी वरणात जास्तीचं मीठ घातलं.

पन्नास वर्षं मी ह्यांना अहो म्हणत होते. अमेरिकेत आले, नोकरी केली, ड्रायव्हिंग शिकले, ह्यांच्यापेक्षा जास्त वेगात चालवायला लागले, पण अहो सुटलं नाही. हे मला तू म्हणतात, मुलांना तू म्हणतात. ह्यांना तू म्हणणाऱ्या एकट्या माझ्या सासूबाई होत्या, त्या गेल्या. जागा रिकामी होती. मी कधी अर्ज केला नव्हता, हे खरं. पण ती कुणा तिसरीनेच भरावी?

एप्रिलमध्ये इटलीला जायचं ठरलं तेव्हा हरखून कोण गेलं आणि ती बाई दिसते तरी कशी हे बघायला कोण निघालं, हे वेगळं सांगायला नको. सोबत नात, ईशा. क्युपर्टिनोची, वीस वर्षांची, मराठी समजते सगळं, उत्तर देते इंग्रजीत. “आजी, आय विल कॅरी द बॅग्ज, यू बाय द जेलाटो,” असा तिचा आमच्याशी करार. जेलाटो म्हणजे तिकडचं आइस्क्रीम.

रोम

रोममध्ये जुनं इतकं आहे की नव्याला जागा नाही. दोन हजार वर्षांचे खांब उभे, त्यांच्यात मांजरी झोपलेल्या, शेजारून बस चाललेली. आमच्या चँडलरमध्ये साठ वर्षांची इमारत असली तर तिच्यासमोर पाटी लावतात आणि शाळेच्या सहली येतात.

पहिल्याच जेवणाला मी तोंडावर पडले. ह्यांनी पिझ्झा मागवताना ‘पेपेरोनी’ म्हटलेलं ऐकून मी ओरडले, “अहो, मांस आहे ते! शुद्धीवर आहात का?” वेटर थबकला. हे शांतपणे म्हणाले, “इथे पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकेतलं अमेरिकेत.” आणि खरंच, आली ती लाल-पिवळी, भाजलेली, गोडसर ढोबळी मिरची. इतकी छान होती की मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी नुसतं चीज आणि मिरपूड घातलेल्या जाड शेवया खाल्ल्या. “जरा कच्च्या आहेत,” मी म्हटलं. ह्यांनी वेटरशी काहीतरी बोलून मला सांगितलं की त्या कच्च्या नाहीत, दाताला लागाव्यात म्हणून तशा ठेवल्यात. वेटरने ह्यांच्या खांद्यावर थाप मारली. कॉफीच्या दुकानात बाईने थाप मारली. तिकीटवाल्याने तर ह्यांना काउंटरबाहेर येऊन रस्ता दाखवला. सगळीकडे हे पुढे बोलताहेत आणि मी मागे पर्स धरून उभी.

हे असं मागे उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. लग्नानंतर मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला आले तेव्हा हे तिथे पीएचडी करत होते. बावीस वर्षांची ती सुमन, म्हणजे मीच, काय नग होती म्हणून सांगू! इंग्रजी पुस्तकातलं यायचं, माणसांचं यायचं नाही. किराणा दुकानात हे बोलायचे, ती ह्यांच्या कोटामागे उभी राहून हसायची. कुणी काही विचारलं तर ‘येस’ म्हणायची. एकदा तिला विचारलं, तुम्हाला थंडी वाजतेय की बरं नाहीये? तरी येस.

आणि मत्सरी! हे लॅबमधून उशिरा यायचे आणि सांगायचे, “आज बेट्सीने फार त्रास दिला.” कधी, “बेट्सी आज एकदम खुशीत होती.” सुमनने आठवडाभर ऐकून घेतलं. मग बर्फातून, साडीवर ह्यांचाच जुना कोट चढवून, डबा घेऊन, कॅम्पसच्या बसने लॅबवर थडकली. ‘आय वॉन्ट टू मीट बेट्सी’ हे वाक्य बसमध्ये पाठ केलेलं. तिथल्या पोराने अदबीने तिला एका कोपऱ्यात नेलं. बेट्सी हा हवा ओढून घेणारा, तेल गळणारा, हिरवा पंप होता. सुमनने काय करावं? येस म्हणाली आणि डबा तिथेच ठेवून परत आली.

रोमहून सिएनाला जाताना ही गोष्ट मी ईशाला सांगितली. ती हसून हसून सीटवरून घसरली. “सो यू आर होपिंग डोनातेल्ला इज अ पंप?”

“देवाची इच्छा,” मी म्हटलं.

सिएना

डोनातेल्ला पंप निघाली नाही.

साठीची, सडसडीत, केस पांढरे आणि पुरुषासारखे आखूड, गळ्यात मोहरीच्या रंगाचा रुमाल. लांबूनच “दीनो!” करत आली आणि ह्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले. आणि हे वाकले. बरोब्बर वाकले! आधी डावा, मग उजवा, चष्मा न धडकवता. लॅपटॉपवर हे कसं शिकवतात, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

मग माझ्याकडे वळून तिने हात पुढे केला आणि हळू, स्वच्छ उच्चारात काहीतरी म्हणाली. त्यात ‘तू’ नव्हतं. ‘लेई’ होतं.

“लेई काय?” मी विचारलं.

“आदरार्थी आहे,” हे म्हणाले. “आपण म्हणतो ना, ‘आपण’? तसं. शब्दाचा अर्थ खरं तर ‘ती’, पण...”

“म्हणजे माझ्या तोंडावर मला ‘ती’ म्हणते?”

“मान देतेय गं.”

मान! ह्यांना सलगी, मला मान. पन्नास वर्षं मान देण्याचं काम मी केलंय, मला माहीत आहे त्यात काय मिळतं ते.

गाव मात्र सुंदर, हे जळता जळताही कबूल करते. मधला चौक परातीसारखा उतरता, भोवती विटांच्या इमारती, लोक परातीत पाय पसरून ऊन खात बसलेले. गावाचे भाग पाडलेत आणि प्रत्येकाला प्राण्याचं नाव: हंस, कासव, गोगलगाय. डोनातेल्ला गोगलगाईची. पलीकडच्या कासववाल्यांची गल्ली लागली तशी तिने नाक मुरडलं. कासवातल्या माणसाशी तिच्या बहिणीने लग्न केलं, त्याला तीस वर्षं झाली, अजून घरात त्याला ‘तो कासवातला’ म्हणतात. हे ऐकून मला ती पहिल्यांदा आवडली. आमच्या सासरी मला दहा वर्षं ‘ती सांगलीची’ म्हणत.

जेवायला तिने घरी नेलं. शिळा पाव, पालेभाज्या आणि पांढरा राजमा घालून शिजवलेलं दाट सूप. मी चव घेतली आणि म्हणाले, “हा तर कुस्करा!” हे भाषांतर करायला लागले: शिळी पोळी कुस्करून, फोडणी देऊन... डोनातेल्लाने टाळी वाजवली. तिथला पाव अळणी असतो, मुळात मीठच घालत नाहीत. मी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. तिने पावावर लोणचं लावून खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणखी मागितलं. मी दिलं. शत्रू झाला तरी लोणचं देताना हात आखडू नये.

मग हे रंगात आले. म्हणाले, “अमेरिकेत सगळी मराठी मुलं मला काका म्हणतात.”

डोनातेल्लाचा घास अडकला. “काका?”

“सी, सी! काका! सगळे! मी सगळ्यांचा काका!”

ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. ईशाने फोनवर शोधलं आणि तीही. त्यांच्या भाषेत काका म्हणजे लहान मुलं करतात ती शी. हे लालबुंद झाले. मी त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसले, आणि क्षणभर पोट अगदी बरं वाटलं.

क्षणभरच. कॉफी आली तशी डोनातेल्ला ह्यांच्याकडे झुकून गंभीरपणे बोलू लागली. ह्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

“काय म्हणतेय?”

“काही नाही. ऑक्टोबरमध्ये तिचे परदेशी लोकांसाठी वर्ग असतात. सहा आठवडे. तिच्या मावशीच्या घरात वरची खोली रिकामी आहे. विचारतेय, येतोस का.”

“तोस.”

“हं?”

“येतोस का, असं विचारलं ना? येता का, असं नाही.”

“सुमन, मुद्दा तो नाहीये. इटलीतून निघण्यापूर्वी मी तिला कळवायचंय.”

मुद्दा तोच होता. पण ह्यांच्या डोळ्यांत मी काहीतरी बघितलं. जायचं होतं ह्यांना. पीएचडीला निघालेल्या पोराचे असतात तसे डोळे.

फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी रागावलेली होते.

त्या प्रसिद्ध संगमरवरी तरुणासमोर गर्दीत उभे असताना ह्यांनी विचारलं, “मग, जाऊ का ऑक्टोबरात?”

“तुम्ही ठरवा.”

मराठी संसारात ह्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, तो वाचकांना ठाऊक आहे. ह्यांनाही होता. गप्प झाले. समोरचा तरुणही गप्पच होता, पण निदान त्याला कुणी दीनो म्हणत नव्हतं.

संध्याकाळी नदीकाठच्या कठड्यावर मी बसून राहिले. ईशा येऊन बसली. “आजी, व्हॉट्स राँग?”

“माझ्या पोटात दुखतंय गं,” मी अगदी खरं ते सांगितलं.

पोरीने चटकन बॅगेतून ॲसिडिटीच्या दोन चघळायच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. “टू मच चीज.”

मी तिला समजावलं, की मराठीत दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून आपल्या पोटात दुखतं. तिने डोळे विस्फारले. “ओह माय गॉड. यू आर जेलस. ऑफ हर?”

मी त्यातली एक चघळत विचार केला. नारिंगी चवीची होती. “तिचा नाही,” मी म्हणाले. “ह्यांचा.”

हे तोंडातून निघाल्यावर मलाच कळलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी ह्यांना नवी भाषा सापडली, नवं नाव सापडलं, बोलताना हात हलवायला लागले. आणि ह्यांना तू म्हणण्याइतकं जवळ कुणी गेलं, तेही दोन वर्षांत, मंगळवारच्या मंगळवारी. मी रोजच्या रोज पन्नास वर्षं असून अहोवर.

“सो कॉल हिम तू,” ईशा म्हणाली. तिला काय, ती आम्हा दोघांनाही यूच म्हणते.

“जीभ वळत नाही.”

“ट्राय.”

मी त्या नदीसमोर हळूच म्हणून बघितलं. शिवी दिल्यासारखं वाटलं.

व्हेनिस

व्हेनिसला रस्त्यांऐवजी पाणी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे पुणं आहे, हे मला माहीत नव्हतं.

मोठ्या चौकाजवळच्या धक्क्यावर पोचलो तर केशरी टोप्या घातलेली एक अख्खी मराठी सहल उभी. “अहो, पाण्याची बाटली कुठंय?” “अहो, फोटो काढा ना, बोट जाईल.” “अहो, वाकू नका तिकडे!” दर दोन मिनिटांनी एक अहो पाण्यावरून जात होतं. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. ईशा जेलाटो आणायला गेली. मी एका काकूंना आमचं गाव सांगत उभी राहिले, आणि वळून बघते तो हे बोटीवर चढताहेत!

आम्हाला जायचं होतं स्टेशनकडे. ही बोट निघाली होती लांब, समुद्राकडच्या बेटावर. मी मागेच आहे असं समजून हे आत गेले, बसायला जागा बघायला लागले. बोटीवरचा माणूस दांडी लावायला आला.

“अहो!” मी ओरडले.

सात-आठ पुरुष एकदम वळले. सगळे केशरी टोप्यांचे. एकाने तर विचारलं, “काय हो ताई?”

त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. “तुम्हाला नाही! त्यांच्या अहोंना हाक मारताहेत त्या.”

“अहो! अहोऽऽ!” मी पुन्हा. पुन्हा सगळ्या टोप्या वळल्या. माझा माणूस सोडून. तो चष्मा पुसत होता.

“अहो ताई, नावाने मारा हाक!” दुसऱ्या एका बाई म्हणाल्या. “इथे कोण बघतंय?”

“तुम्ही सगळे बघताय की!”

दांडी लागली. दोर सुटायला लागला. आणि माझ्या आतही कुठेतरी एक सुटला असावा.

“दिनकर! ए दिनकर! अरे उतर, गाढवा! चुकीच्या बोटीत बसलायस तू!”

तो विजेचा धक्का बसल्यासारखा उठला. दांडी उघडायला लावली, बोटवाल्याच्या शिव्या त्याच्याच भाषेत परतवत उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धापा टाकत. चेहरा असा, की मी लग्नातही बघितला नव्हता.

“किती वेळा हाका मारल्या!” मी म्हणाले.

“मघापासून इथे अहोच चाललंय. मी लक्ष देणं सोडून दिलं होतं.” मग जरा जवळ येऊन, “शेवटचं परत म्हण.”

“काय? चुकीच्या बोटीत?”

“त्याच्या आधीचं.”

“गाढवा?”

“तेही चालेल.”

मागून कोपर मारणाऱ्या त्या बाई हलकेच म्हणाल्या, “काय बरं वाटलं असेल नाही हो, असं ओरडून?” त्यांच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. मत्सर मला लांबून कळतो. मी पर्समधून ॲसिडिटीची उरलेली गोळी काढून त्यांना दिली.

बोट निघून गेली होती, पुढची यायला वेळ होता. आम्ही धक्क्याच्या पायरीवर बसलो. खाली हिरवं पाणी पायरीला चाटत होतं.

“जा तू ऑक्टोबरात,” मी म्हणाले.

“परवा म्हणालीस, तुम्ही ठरवा.”

“ते तुम्हाला म्हटलं होतं. हे तुला सांगतेय.”

त्याने चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाला, “तू पण चल.”

“नको. मला पुन्हा तुझ्या कोटामागे उभं राहायचं नाही. तू जाऊन ये. आणि तिला म्हणावं, मलाही तू म्हण. ते लेईबिई बंद.”

ईशा तीन जेलाटो घेऊन आली तेव्हा मी त्याला काहीतरी म्हणत होते. तिने ऐकलं, थांबली, आणि एक जेलाटो पाण्यात पडला. पिस्त्याचा. माझा.

पुन्हा चँडलर

तर दिनकर सध्या सिएनात आहे. हे लिहायला घर शांत मिळालंय. ऑक्टोबर लागलाय, ऊन उतरलंय, सकाळी बाहेर बसता येतं. तो रोज फोन करतो. डोनातेल्लाच्या मावशीने त्याला चेस्टनटचा केक खिलवला, गोगलगाईवाल्यांनी रुमाल दिला. डोनातेल्लाने मला निरोप पाठवला: “ए तू, सुमन?” खरं सांगते, बरं वाटलं. आणि तरी पोटात दुखायचं ते दुखतंच. जुना आजार आहे, एका तू-ने जात नाही.

म्हणून मीही घराबाहेर पडले. दोन घरं सोडून फ्रँक राहतो, ऐंशीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगाने अजून ताठ. तो मला पिकलबॉल शिकवतो. सकाळी कोर्टवर तो बॉल टाकतो, मी चुकवते, आणि तो म्हणतो, “यू आर अ नॅचरल!”

काल फोनवर मी हे दिनकरला जसंच्या तसं सांगितलं.

“यू म्हणजे?” तो म्हणाला. “कुठलं यू? तू, की तुम्ही?”

“इंग्रजी आहे रे,” मी म्हटलं. “त्यात एकच असतं. तू बस ठरवत.”